पत्र्याचा गंज आणि हवेवर चालणारा घट

महाड किंवा पोलादपूर तालुक्यातल्या कोणत्याही गावात गेलात, तर पडवीवर, गोठ्यावर, शाळेच्या व्हरांड्यावर लोखंडी पत्रे दिसतील. नवा पत्रा चकचकीत असतो. काही पावसाळे गेले, की त्यावर राखेसारखे पांढरट डाग पडतात. पुढे खिळ्यांच्या भोकांभोवती तांबूस कडा दिसू लागतात आणि अखेर एक दिवस पत्र्याची चाळण होते. "पावसाने पत्रा खाल्ला," असे आपण म्हणतो. सावित्रीच्या खोऱ्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेव्हा हे म्हणणे खोटे वाटत नाही.

पण ते अर्धेच खरे आहे. शाळेतला एक जुना प्रयोग आठवा. परीक्षानळीत पाणी चांगले उकळून त्यातली विरघळलेली हवा घालवली, त्यात स्वच्छ खिळा टाकला आणि वर तेलाचा थर दिला, तर कित्येक दिवस तो खिळा गंजत नाही. पाणी तर आहे, मग गंज का नाही? कारण हवा नाही. पत्रा खाणारे दोघे असतात, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन. दोघांनी धातूपाशी एकत्र यावे लागते.

या लेखात आपण हीच गोष्ट उलट बाजूने पाहणार आहोत. जो गंज आपले छप्पर खातो, त्याच्याकडून दिवा लावून घेता येईल का? येतो. अशा घटाला धातू-वायु घट म्हणतात. तो चांगला चालावा म्हणून त्याच्या अग्रांसाठी नवनवे पदार्थ शोधण्याचे काम आज जगभर चालू आहे. आपल्या पुण्यातही ते चालते. आपल्याला ते का हवे, हे या दोन तालुक्यांना वेगळे सांगायला नको. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहरात सावित्री आणि गांधारीचे पाणी शिरले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडी आल्या. वीज गेली, दूरध्वनी बंद पडले. अशा रात्री दिवा आणि फोन चालू ठेवणारा, वर्षभर कोनाड्यात पडून राहिला तरी न बिघडणारा घट ही चैन नव्हे, गरज आहे.

गंज म्हणजे बुजलेला घट

गंजाकडे जरा बारकाईने पाहू या. स्वच्छ लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवा. काही वेळाने थेंबाच्या मध्यभागी लोखंड झिजू लागते आणि गंजाचे कडे मात्र बाहेरच्या बाजूला उमटते. केंब्रिजचे शास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात या थेंबाचा कसून अभ्यास केला. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असतो, म्हणून तेथे हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो. मध्यभागी तो पोचत नाही. मध्यभागी लोखंडाचा अणू इलेक्ट्रॉन सोडून आयन बनतो आणि पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन लोखंडातूनच कडेपर्यंत जातात. तेथे ऑक्सिजन आणि पाणी मिळून ते स्वीकारतात आणि हायड्रॉक्सिल आयन तयार होतात.

म्हणजे एका थेंबात ऋण अग्र आहे, धन अग्र आहे आणि विद्युत अपघटनी म्हणून मिठाचे पाणीही आहे. तो पुरा विद्युतघटच आहे. फरक एवढाच, की त्याची दोन्ही टोके लोखंडातूनच जोडली गेलेली असतात. वीज तयार होते आणि जागच्या जागी संपते, तुमच्या दिव्यापर्यंत ती येत नाही.

पत्र्यावर जस्ताचा मुलामा का देतात, हेही यावरून कळेल. जस्त लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडते. म्हणून ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते आणि लोखंड वाचते. पांढरट डाग ही त्या झिजलेल्या जस्ताची राख, आणि तांबूस कडा म्हणजे जस्त संपल्याची खूण.

आता कल्पना करा, की जस्त एका बाजूला ठेवले, ऑक्सिजन घेणारी जागा दुसऱ्या बाजूला ठेवली, मध्ये अपघटनीचे द्रव्य ठेवले आणि इलेक्ट्रॉनांना जायला बाहेरची तार हाच एक रस्ता ठेवला. तारेत दिवा जोडला, की तो लागेल. झाला जस्त-हवा घट.

अर्धी सामग्री हवेतली

चुलीसाठी आपण लाकडे आणतो, पण लाकडांबरोबर ऑक्सिजनची मोळी आणत नाही. तो जागेवर फुकट मिळतो. बॅटरीच्या नेहमीच्या सेलला ही सवलत नसते. त्यात जस्त असते आणि जस्ताचे ऑक्सिडीकरण करणारे मँगॅनीज डायऑक्साइडही आतच भरलेले असते. मोबाइलमधल्या लिथियम-आयन घटातही दोन्ही बाजूंची सामग्री आतच असते. धातू-वायु घट मात्र चुलीसारखा आहे. जळणारा धातू आत आणि ऑक्सिजन बाहेर. हवेच्या आकारमानात ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो, तेव्हा पुरवठ्याची ददात नाही.

याचा फायदा आकड्यांत पाहू. हिशेबाने एक ग्रॅम जस्त ०.८२ अँपिअर-तास विद्युतभार देऊ शकते, एक ग्रॅम लोखंड ०.९६, मॅग्नेशियम २.२ आणि अ‍ॅल्युमिनियम २.९८ अँपिअर-तास. कागदावर एक किलो जस्तातून सुमारे १३५० वॅट-तास आणि एक किलो अ‍ॅल्युमिनियममधून सुमारे ८१०० वॅट-तास ऊर्जा मिळावी. लिथियम-आयन घटातून किलोमागे सुमारे २५० वॅट-तास मिळतात. हे आकडे पाहून प्रश्न पडतो, की मग आपण अजून धातू-वायु घटच सगळीकडे का वापरत नाही? या प्रश्नाचे उत्तर अग्रांच्या पदार्थांत आहे.

कल्पना मात्र जुनी आहे. १८७८ साली फ्रान्समध्ये मेश याने लेक्लांशे घटातील मँगॅनीज डायऑक्साइड काढून त्याऐवजी प्लॅटिनम लावलेला सच्छिद्र कार्बन वापरला. १९३२ साली अमेरिकेत हाइझ आणि शुमाकर यांनी अल्कली द्रव्यातला जस्त-हवा घट तयार केला. रेल्वेचे सिग्नल आणि दूरच्या ठिकाणची उपकरणे चालवायला त्याचा उपयोग झाला. १९७० च्या दशकापासून ऐकू येण्याच्या यंत्रात गुंडीएवढे जस्त-हवा घट आले. तुमच्या आजोबांच्या कानात असे यंत्र असेल, तर त्याचा सेल पाहा. त्यावर एक चिकटपट्टी असते आणि ती काढली, की खाली बारीक भोके दिसतात. पट्टी काढेपर्यंत हवा आत जात नाही, म्हणून सेल दुकानात वर्षानुवर्षे टिकतो. पट्टी काढली, की तो "श्वास" घेऊ लागतो.

समईची वात आणि अळूचे पान

आता मुख्य अडचणीकडे वळू. हवेत ऑक्सिजन भरपूर आहे, पण तो पाण्यात फार थोडा विरघळतो. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, आणि हवेशी समतोल राखणाऱ्या एक लिटर पाण्यात २५ अंश सेल्सिअसला जेमतेम ८ मिलिग्रॅम. घटात वापरतात त्या दाट अल्कली विद्रावात तर त्याहूनही कमी. म्हणून कार्बनची कांडी नुसती विद्रावात बुडवून ठेवली, तर तिला ऑक्सिजनची उपासमार होते. तार जोडली, की क्षणभर प्रवाह वाहतो आणि लगेच मंदावतो.

मग कांडी हवेतच ठेवली तर? तेही चालत नाही. अभिक्रियेला पाणी हवे, तयार झालेले हायड्रॉक्सिल आयन धातूकडे जायला विद्राव हवा आणि इलेक्ट्रॉन यायला कार्बन हवा. हवा, विद्राव आणि घन कार्बन हे तिघे जेथे भेटतात, त्या रेघेवरच वीज निर्माण होते.

ही रेघ तुम्ही रोज संध्याकाळी पाहता. समई लावताना वातीचे टोक तेलाबाहेर काढतो ना? वात पूर्ण तेलात बुडाली, तर विझते. तेल टोकापर्यंत पोचले नाही, तर ज्योत टिकत नाही आणि वातच जळते. वात, तेल आणि हवा जेथे भेटतात तेथेच ज्योत असते. वायु-अग्र म्हणजे अशा कोट्यवधी सूक्ष्म वातींची जुडी.

ती बनवतात कशी? कार्बनची अतिशय बारीक, सच्छिद्र भुकटी घेतात. एका ग्रॅम चांगल्या सक्रिय कोळशातल्या छिद्रांचे अंतर्गत क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या आसपास भरते, म्हणजे जवळजवळ पाव एकर. नारळाच्या करवंटीपासून असा कोळसा उत्तम होतो. पण कोळसा ओला होतो. छिद्रांत विद्राव शिरत गेला, की हवेचे रस्ते बंद होऊन अग्र "बुडते". हाइझ आणि शुमाकर यांनी कार्बनला मेणाचा हात देऊन हे बुडणे रोखले होते. आज त्यासाठी टेफ्लॉन वापरतात.

टेफ्लॉन काय करते, ते अळूचे पान सांगेल. अळूवर पाणी टाकले, की ते पसरत नाही. मोत्यासारखे थेंब होऊन घरंगळते. टेफ्लॉनचेही तसेच. कार्बनच्या भुकटीत टेफ्लॉनचे कण मिसळले, की काही छिद्रे ओली होतात आणि काही अळूच्या पानासारखी कोरडी राहतात. ओल्या छिद्रांतून विद्राव येतो, कोरड्या छिद्रांतून हवा येते आणि दोन्हींच्या शेजारावर अभिक्रिया चालते. हवेच्या बाजूच्या थरात टेफ्लॉन जास्त घालतात, विद्रावाच्या बाजूच्या थरात कमी. आधाराला आणि प्रवाह गोळा करायला निकेलची बारीक जाळी दाबून बसवतात. या सगळ्याची जाडी मिळून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास! टेफ्लॉन कमी पडले तर अग्र बुडते. जास्त झाले तर कार्बनचे कण एकमेकांपासून सुटे पडून प्रवाह अडतो. किती घालायचे, कसे मिसळायचे, किती तापवायचे, यावर संशोधकांची कित्येक वर्षे गेली आहेत.

उत्प्रेरकाचा शोध

ऑक्सिजन जागेवर पोचला, म्हणजे काम संपले असे नाही. ऑक्सिजनच्या रेणूतले दोन अणू दुहेरी बंधाने एकमेकांना घट्ट धरून असतात. हा बंध सोडवून त्यांना चार इलेक्ट्रॉन स्वीकारायला लावणे हे हट्टी मुलाला अभ्यासाला बसवण्याइतकेच चिवट काम. जस्त-हवा घटाचा हिशेबी दाब सुमारे १.६६ व्होल्ट आहे. प्रत्यक्षात दिवा जोडला, की १.२ व्होल्टच्या आसपास मिळतो. राहिलेल्या व्होल्टेजचा मोठा वाटा हा हट्ट मोडण्यात खर्च होतो. तो कमी करायला उत्प्रेरक लागतो.

प्लॅटिनम हा उत्तम उत्प्रेरक, पण सोन्यासारखा महाग. चांदी बरी, तीही महागच. मँगॅनीजची ऑक्साइडे मात्र स्वस्त असून अल्कली विद्रावात चांगले काम देतात. कानाच्या यंत्रातल्या घटात तीच असतात. येथे महाराष्ट्राचा संबंध येतो. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथील खाणीतून निघणारे मँगॅनीज डायऑक्साइडचे खनिज कोरड्या घटांच्या कारखान्यांना जाते. नेहमीच्या सेलमध्ये हे द्रव्य स्वतः खर्ची पडते, म्हणून भरपूर लागते. वायु-घटात ते केवळ मध्यस्थ असते. ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन मिळवून देते आणि स्वतः पुन्हा मोकळे होते. म्हणून चिमूटभर पुरते.

तिसरा मार्ग म्हणजे कार्बनलाच शहाणे करणे. कार्बनच्या षट्कोनी जाळ्यात काही ठिकाणी नायट्रोजनचे अणू बसवले आणि त्यांच्या कुशीत लोखंडाचे किंवा कोबाल्टचे सुटे अणू धरून ठेवले, तर असा कार्बन अल्कली विद्रावात प्लॅटिनमच्या बरोबरीने काम करतो. आपल्या रक्तातल्या हीमोग्लोबिनमध्येही लोखंडाचा अणू चार नायट्रोजनांच्या मध्येच बसलेला असतो आणि तोच ऑक्सिजन धरतो, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशा कार्बनी उत्प्रेरकांवर आणि ते वापरून केलेल्या जस्त-हवा घटांवर संशोधन चालते. तमिळनाडूत कारैकुडीच्या केंद्रीय विद्युत-रासायनिक संशोधन संस्थेतही धातू-वायु घटांवर काम झाले आहे.

आणखी एक पेच आहे. घट पुन्हा भारित करायचा, तर त्याच अग्रावर उलट काम व्हावे लागते. हायड्रॉक्सिल आयनांपासून ऑक्सिजन परत सुटावा लागतो. घेण्यात हुशार असलेला उत्प्रेरक देण्यात हुशार असतोच असे नाही. शिवाय भारित करताना अग्रावर सुमारे २ व्होल्टचा दाब येतो आणि त्याने खुद्द कार्बनच हळूहळू जळू लागतो. १.२ व्होल्टने मिळालेली वीज परत भरायला २ व्होल्ट लागले, म्हणजे रुपयाला साठ पैसेच हाती आले. म्हणून निकेल, कोबाल्ट, लोखंड यांच्या मिश्र ऑक्साइडांची किंवा दोन कामांसाठी दोन वेगळ्या अग्रांची योजना करून पाहतात.

धातूच्या बाजूची दुखणी

दुसरे अग्र धातूचे. तेथेही प्रत्येक धातूचा स्वभाव वेगळा.

जस्त गुणी आहे. अल्कलीत ते सावकाश झिजते. तरी थोडा हायड्रोजन सुटतोच. पूर्वी तो रोखायला जस्तात पारा मिसळत. पारा विषारी असल्याने आता त्याऐवजी इंडियम आणि बिस्मथ यांचा अंश वापरतात. भारित करताना मात्र जस्त मूळ जागी परत बसत नाही. कोठे ढीग होतो, तर कोठे झाडाच्या फांद्यांसारखे सुयांचे कोंब फुटतात. एखादा कोंब समोरच्या अग्राला टेकला, की घट आतल्या आत जोडला जाऊन निकामी होतो. जस्त स्पंजासारखे सच्छिद्र केले, तर परत बसायला जागोजाग आधार मिळतो, असे अलीकडे दिसून आले आहे.

अ‍ॅल्युमिनियम हलके आणि ऊर्जेने समृद्ध. पण त्यावर ऑक्साइडचा पातळ, चिवट पडदा असतो. त्या पडद्यामुळेच तुमच्या घरातले पातेले टिकते, आणि त्या पडद्यामुळेच घटात ते काम करायला कुरकुरते. मिठातले क्लोराइड आयन तो पडदा फोडतात. अल्कली तो पार विरघळवते, पण मग अ‍ॅल्युमिनियम पाण्यावर तुटून पडते आणि हायड्रोजन सोडून वाया जाते. म्हणून अतिशुद्ध अ‍ॅल्युमिनियममध्ये गॅलियम, इंडियम, कथील, मॅग्नेशियम यांचा अल्प अंश घालून संमिश्रे करतात. पडदा फुटावा, पण नासाडी होऊ नये, हा हेतू. १९६२ साली झारोम्ब यांनी हा घट पुढे आणल्यापासून हा शोध चालू आहे. इंडियन ऑइल या आपल्या सरकारी कंपनीने फिनर्जी या इस्रायली कंपनीशी मिळून अ‍ॅल्युमिनियम-वायु घटांसाठी २०२१ साली भारतात संयुक्त कंपनी काढली. हा घट वीज देऊन भारित करता येत नाही. अ‍ॅल्युमिनियम संपले, की नवी पट्टी घालायची.

लोखंड सर्वांत स्वस्त. त्याचा दाब कमी, सुमारे १.२८ व्होल्ट, तोही कागदावर. भरलेल्या विजेतली सुमारे निम्मीच परत मिळते. पण ते कोंब फोडत नाही आणि पुन्हा पुन्हा गंजवून परत लोखंड करता येते. १९७० च्या दशकात स्वीडन आणि अमेरिकेत त्यावर खूप काम झाले, मग ते मागे पडले. आता सूर्य आणि वारा यांची वीज शंभर-शंभर तास साठवून ठेवण्यासाठी त्याकडे पुन्हा लक्ष गेले आहे. पोलादपूरच्या नावातले पोलाद असे दिवा लावण्याच्याही कामी येते!

कोकणची हवा आणि आगोटीची बेगमी

घट हवेवर चालतो, म्हणजे हवा जशी असेल तसे त्याचे नशीब. घटात साधारणपणे ३० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा विद्राव असतो. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्के असेल, तर तो पाणी घेतही नाही, सोडतही नाही. एप्रिलच्या कोरड्या दुपारी तो सुकू लागेल. जुलैत महाडची हवा दिवसेंदिवस ९० टक्क्यांच्या वर दमट असते. तेव्हा तो हवेतले पाणी ओढून फुगेल आणि अग्र बुडेल. त्यातच हवेतला थोडासा कार्बन डायऑक्साइड अल्कलीशी मिळून पोटॅशियम कार्बोनेट करतो. त्याचे स्फटिक बारीक छिद्रांत बसून वाटा बुजवतात. प्रयोगशाळेच्या थंड, कोरड्या खोलीत हजार तास चाललेला घट आपल्या पडवीत किती तास चालेल, ही त्याची खरी परीक्षा.

मग आपल्यासाठी कोणता घट सोयीचा? आगोटीची बेगमी कशी करतात, ते आठवा. सुकी मासळी, वाळवणे, लाकडे, सगळे कोरडे करून ठेवायचे आणि लागेल तेव्हा काढायचे. घटही कोरडाच ठेवला तर? अ‍ॅल्युमिनियमची किंवा मॅग्नेशियमची पट्टी आणि वायु-अग्र एका बंद पिशवीत, जवळ मिठाची पुडी. पाणी नाही, म्हणून अभिक्रिया नाही. वीज गेली, की मिठाचे पाणी ओतायचे. मिठाचे पाणी अल्कलीसारखे हात भाजत नाही आणि कार्बन डायऑक्साइडने बिघडतही नाही. असे मिठाच्या पाण्यावरचे दिवे बनवलेही जातात.

हिशेब करू. एक वॅटचा एलईडी दिवा रोज सात तास लावला, तर चौदा रात्रींना सुमारे १०० वॅट-तास लागतात. मिठाच्या पाण्यातल्या घटाचा दाब ०.८ व्होल्ट धरला, तर १२५ अँपिअर-तास हवेत. ग्रॅममागे २.९८ प्रमाणे अ‍ॅल्युमिनियम सुमारे ४२ ग्रॅम. निम्मे वाया गेले असे धरले तरी ८४ ग्रॅम, म्हणजे लहानशा ताटलीएवढे. तेवढ्याच कामाला विजेरीचे मोठ्या आकाराचे डझनभराहून अधिक साधे सेल लागतील.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मिठाच्या पाण्यातून फार प्रवाह मिळत नाही. दिवा लागेल, फोन सावकाश भरेल, पंप चालणार नाही. अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा पांढरा, खळीसारखा चिकट गाळ अग्रांवर बसतो. घट मधून मधून विसळून पाणी बदलावे लागते. आणि वायु-अग्र एकदा भिजले, की पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते तसेच टिकेल याची हमी नसते. अनेकदा भिजून, अनेकदा सुकून पहिल्यासारखे काम देणारे, स्वस्त वायु-अग्र हवे आहे. ते करंवटीच्या कोळशाचे आणि मँगॅनीजचे असू शकेल. तो शोध संपलेला नाही.

करून पाहा

साहित्य : अन्न गुंडाळण्याची अ‍ॅल्युमिनियमची पन्नी, टिपकागद, मीठ, सक्रिय कोळशाची भुकटी (शोभेच्या माशांच्या दुकानात मिळते), स्टीलचा चमचा, चिमटे लावलेल्या दोन तारा, १० ओहमचा रोधक आणि बहुमापी.

कृती : एक पेला पाण्यात विरघळेल तेवढे मीठ विरघळवा. वीतभर पन्नी पसरा. टिपकागदाची चौपदरी घडी मिठाच्या पाण्यात भिजवून पन्नीवर ठेवा. घडीवर दोन मोठे चमचे कोळसा पसरा आणि तो ओलसर होईल इतकेच मिठाचे पाणी शिंपडा. कोळसा पन्नीला लागता कामा नये. वर चमचा दाबून धरा. एक तार पन्नीला आणि दुसरी चमच्याला जोडून दाब मोजा. तो साधारण अर्धा ते एक व्होल्ट भरेल.

आता दोन तारांमध्ये रोधक जोडा आणि पुढील गोष्टी वहीत नोंदवा.

१. चमचा सैल धरला आणि जोरात दाबला, तर दाबात काय फरक पडतो?

२. कोळशावर मिठाचे पाणी ओतून तो पूर्ण बुडवा. दर मिनिटाला असे दहा मिनिटे दाब नोंदवा. सुरुवातीला कोळशात धरून ठेवलेला ऑक्सिजन काही वेळ साथ देईल, मग दाब उतरू लागेल.

३. जादा पाणी टिपून घ्या, कोळसा हलवून मोकळा करा आणि पुन्हा मोजा.

असे तीन-चार घट एकापुढे एक जोडले, तर लाल एलईडी लागू शकेल. प्रयोग झाल्यावर पन्नी उजेडाकडे धरून पाहा. त्यात बारीक भोके दिसतील. पत्र्याला पडतात तशीच.

सूचना : या प्रयोगात मिठाचेच पाणी वापरा. कॉस्टिक सोडा मुळीच वापरू नका. अ‍ॅल्युमिनियमशी त्याची अभिक्रिया जोरात होते, उष्णता आणि हायड्रोजन निर्माण होतो. तो डोळ्यांत उडाल्यास दृष्टी जाऊ शकते.

विचार करा

१. कानाच्या यंत्राच्या सेलची चिकटपट्टी काढून लगेच पुन्हा लावली, तर सेल पहिल्याइतकाच टिकेल का?

२. पुराच्या पाण्यात वायु-घट बुडाला, तर काय होईल? पेटी कशी बनवावी, म्हणजे हवा आत जाईल पण पाणी जाणार नाही?

३. एक ग्रॅम मॅग्नेशियम किती इलेक्ट्रॉन देते, यावरून २.२ अँपिअर-तास हा आकडा काढून दाखवा. (एक फॅराडे म्हणजे २६.८ अँपिअर-तास. मॅग्नेशियमचा अणुभार २४.३, संयुजा २.)

शिक्षकांसाठी

वर्गाचे चार गट करून प्रत्येकाला कोळशाची वेगळी भुकटी द्यावी : सक्रिय कोळसा, चुलीतला लाकडी कोळसा, करवंटीचा कोळसा आणि पेन्सिलीच्या शिशाची भुकटी. कोळशाचे वजन, पाणी, पन्नी आणि रोधक सर्वांना सारखेच असावेत. कोणाचा दाब किती मिनिटे टिकला याचा आलेख फळ्यावर काढावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि जे दिसेल ते जसेच्या तसे लिहायचे, ही अग्रांच्या संशोधनाची रीत आहे. पुण्याच्या प्रयोगशाळेत यंत्रे मोठी असतील, पण रीत हीच असते. हाच प्रयोग एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैत करून पाहावा. दोन आलेखांतला फरक मुलांना कोकणच्या हवेबद्दल पुष्कळ सांगून जाईल.